नमकीनच्या कारखान्यात क्यूसीची म्हणजे माल तपासायची नोकरी: पहिल्या शिफ्टपासून काय काय करायचं ते सगळं

दर वर्षी मे-जूनमध्ये आमच्या रामबागेतला कुणी ना कुणी निकाल घेऊन घरी येतो, ताई बीएस्सी झालं, सांवेर रोडच्या नमकीनच्या फॅक्टरीत क्यूसीला बोलावलंय, काय करावं लागतं? प्रत्येकाला तेच तेच सांगून झालंय म्हणून यावेळी सगळं एकदाच लिहून काढते. मी अकरा वर्षं इंदूरच्या नमकीन लाइनवर क्यूसी करतेय, त्यामुळे उदाहरणं शेव आणि बेसनाचीच येणार, पण बिस्किट असो, मसाले असोत, डेअरी असो, कामाची रीत तीच.

आधी शिक्षणाचं पटकन सांगते. केमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी, बायोटेक किंवा फूड टेक्नॉलॉजी यातलं काहीही चालतं. होळकर कॉलेजातून साधी केमिस्ट्री करून आलेली पोरं माझ्याकडे उत्तम काम करतात कारण त्यांचा ब्युरेटवर हात बसलेला असतो. एफएसएसएआयचं म्हणजे सरकारच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचं फॉस्टॅक ट्रेनिंग करून घ्या, छोटं असतं आणि इंटरव्ह्यूला उपयोगी पडतं. इंटरव्ह्यूत बहुतेक विचारतात ते असं: क्यूए (चूक होऊच नये म्हणून पद्धत बसवणं) आणि क्यूसीत (माल तपासणं) फरक काय, हॅसपमधलं (अन्नातले धोके आधीच शोधून आवरायची पद्धत) सीसीपी (जिथे धोका रोखावाच लागतो ती पायरी) म्हणजे काय, फिफो आणि फेफोत फरक काय, मॉइश्चर म्हणजे ओलावा कसा काढतात. फिफो म्हणजे जे आधी आलं ते आधी वापरायचं आणि फेफो म्हणजे ज्याची मुदत आधी संपणार ते आधी वापरायचं, आणि खाण्याच्या मालाला फेफोच जास्त महत्त्वाचं. एवढं येत असेल तर बाकीचं लाइनवर शिकाल.

आत जाण्याआधी

टोपी, मास्क, एप्रन, गमबूट, हात धुणं हे सगळं तुम्हाला दाखवतीलच. मुलींना एक वेगळं सांगते. काचेच्या बांगड्या, टिकली, कानातलं, अंगठी, मंगळसूत्र काही आत चालत नाही, सगळं लॉकरला. नवीन लग्न झालेल्या मुलींना हे खूप जड जातं, घरून सासूबाई विचारतात, गळा मोकळा कसा म्हणून. मी अशा मुलीला बाजूला घेऊन एकदाच सांगते की बाई, मणी तुटून शेवेत गेला तर कुणाच्या तरी लेकराच्या घशात जाईल. समजतात त्या. हाताला कापलं असेल तर लॅबमधली निळी पट्टीच लावा, घरची त्वचेच्या रंगाची नको, खाण्यात निळं काही नसतं म्हणून पडली तर दिसते आणि तिच्यात धातूची पट्टी असते म्हणून मेटल डिटेक्टर पण पकडतो.

शिफ्ट सुरू होताना: आधी उपकरणं तपासा, माल नंतर

नवीन पोरं आली की सरळ सॅम्पल घ्यायला धावतात. थांबा. तुमचा काटाच चुकत असेल तर दिवसभराचे सगळे आकडे चुकीचे. प्रमाणित वजनं ठेवून काटा बघा, रोज, सकाळी, आणि काटा हलवला तर पुन्हा. थर्मामीटर बर्फाच्या पाण्यात ० दाखवतो का बघा. उकळत्या पाण्यात बघणार असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा, पुस्तकात १०० लिहिलेलं असतं, पण इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर आहे, इथे पाणी ९८ अंशाच्या आसपासच उकळतं. माझ्याकडच्या एका मुलाने दोन चांगले थर्मामीटर खराब म्हणून बाजूला काढून ठेवले होते, ९८ दाखवतात म्हणून. खरं तर ते बरोबर होते आणि जो १०० दाखवत होता तोच चुकत होता.

कच्चा माल: गाडी आली की

बेसनाची गाडी आली की गेटवरूनच फोन येतो, ड्रायव्हरला घाई असते, गोडाऊनवाल्याला घाई असते. तुम्ही घाई करायची नाही. आधी गाडीचा आतला फरशी भाग बघा, ओलं आहे का, उंदराच्या लेंड्या आहेत का, डिझेलचा किंवा खताचा वास येतो का. मग पोती. शंभर पोती असतील तर वर्गमूळ अधिक एक म्हणजे ११ पोत्यांतून सॅम्पल घ्यायचं ही साधी रीत आहे. पण ती अकरा वरवरची नकोत! खालच्या थरातली, मागच्या कोपऱ्यातली, शिवण वेगळी दिसते ती. पोत्यात खुपसून माल काढायची जी टोकदार नळी असते तिला आमच्याकडे मंडीतल्यासारखं परखीच म्हणतात, ती पोत्याच्या पोटापर्यंत जाऊ द्या.

बेसन हातावर घ्या, चोळा, वास घ्या. जुन्या बेसनाला कडवट, थोडासा डब्यात बंद राहिल्यासारखा वास येतो, एकदा नाकात बसला की विसरत नाही. मग चाळणी लावा, वर अळी, जाळी, सुतळीचे धागे काय राहतं ते बघा. मॉइश्चर करा. आणि भेसळीची तपासणी.

बेसनात मुख्य भीती असते ती स्वस्त डाळीच्या पिठाची, त्यातही खेसारीची म्हणजे लाखेच्या डाळीची. ही डाळ महिनोन्महिने मुख्य अन्न म्हणून खाल्ली तर पाय कायमचे लुळे पडतात, आपल्याच मध्य प्रदेशात रीवाकडे लोकांनी हे भोगलंय. टेस्ट सोपी आहे: साधारण १० ग्रॅम बेसनात ५० मिली डायल्यूट हायड्रोक्लोरिक अॅसिड घालून ते भांडं हलक्या उकळत्या पाण्यात १५ मिनिटं ठेवायचं, गुलाबी रंग आला तर संशय पक्का. गरम न करता, अॅसिड टाकल्या टाकल्याच गुलाबी झालं तर वेगळा संशय, मेटॅनिल यलोचा, तो कपडे वगैरे रंगवायचा पिवळा रंग आहे, खाण्यात बंद आहे. हळद पण अॅसिडने गुलाबी होते पण पाणी घातलं की तिचा रंग जातो, मेटॅनिलचा राहतो. दोन्हीत काही दिसलं तर माल उतरवू द्यायचा नाही, सीनिअरला सांगायचं आणि सॅम्पल एनएबीएलची मान्यता असलेल्या लॅबला पाठवायचं, तुमची टेस्ट ही फक्त दारावरचा पहारा आहे, शेवटचा निकाल लॅबचा.

मिरची पावडरीत विटेची भुकटी असेल तर पाण्याच्या ग्लासात तळाशी बसते आणि बोटाने चोळली की खरखरते. शेंगदाण्यात बुरशी बघा, सुरकुतलेले काळपट दाणे वेगळे काढून टक्केवारी लिहा, अफ्लाटॉक्सिन म्हणजे बुरशीचं विष डोळ्याला दिसत नाही, त्याला किट नाहीतर लॅबच लागते.

तेल. इथे मी जरा जास्त लिहिणार आहे

कारण नमकीनमध्ये निम्मा खेळ तेलाचाच आहे. टँकर आला की सॅम्पल वरून, मधून आणि तळातून घ्यायचं, तळाला पाणी असू शकतं. मग एफएफए, म्हणजे तेलातलं मोकळं झालेलं फॅटी अॅसिड. शंकूच्या फ्लास्कमध्ये १० ग्रॅम तेल, त्यात ५० मिली न्यूट्रल केलेलं कोमट अल्कोहोल, फिनॉल्फ्थॅलीनचे दोन-चार थेंब, आणि ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडने टायट्रेशन. अल्कोहोल हॉट प्लेटवर कोमट करा, उघड्या ज्योतीवर कधीच नाही. फिका गुलाबी रंग साधारण १५ सेकंद टिकला की थांबा. हिशोब: २८.२ गुणिले रीडिंग गुणिले नॉर्मॅलिटी भागिले वजन. म्हणजे ०.५ मिली लागलं तर २८.२ × ०.५ × ०.१ ÷ १० = ०.१४ टक्के. पामतेलाला पामिटिक अॅसिडमध्ये रिपोर्ट मागितला तर २८.२ च्या जागी २५.६ येतो, सप्लायरच्या सीओएवर म्हणजे मालासोबतच्या तपासणी अहवालावर कुठला धरलाय ते वाचा, नाहीतर तुमचा आणि त्यांचा आकडा जुळणार नाही आणि उगाच भांडण.

जोरात हलवत राहा. तेल आणि अल्कोहोल मिसळत नाहीत, न हलवता थेंब टाकत गेलात तर रंग आधीच येतो आणि एफएफए कमी दिसतो. ९० टक्के चुका इथेच बघितल्यात मी.

कढईतल्या तेलाचं वेगळं. तळून तळून तेलात जे मोडलेले, बिघडलेले घटक जमतात त्यांना टोटल पोलर कंपाउंड्स म्हणजे टीपीसी म्हणतात, आणि १ जुलै २०१८ पासून नियम असा आहे की टीपीसी २५ टक्क्यांच्या वर गेलेलं तेल वापरायचंच नाही. दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल वापरणाऱ्याला त्याचं रेकॉर्ड पण ठेवावं लागतं, किती वापरलं, किती काढून टाकलं, कुणाला दिलं. टीपीसी मीटर गरम तेलात बुडवून बघतात, पण बुडबुडे शांत झाल्यावर आणि तळाला किंवा कढईच्या भिंतीला न टेकवता. कढईत पाणी उडत असताना रीडिंग घेतलं तर आकडा नाचतो.

मीटर नसताना सुद्धा तेल बोलतं. ताज्या तेलात शेवेचा घाणा सोडला की मोठे बुडबुडे येतात आणि पटापट फुटतात. तेल थकलं की बारीक फेस येतो आणि तो कडेने चढत जातो, रंग गडद होतो, १७५ अंशालाच धूर दिसायला लागतो. आमच्या जुन्या तळणाऱ्या भैयाला झारा उचलल्यावर तेल कसं ओघळतं त्यावरून कळायचं. पण रजिस्टरमध्ये भैयाचा अंदाज लिहायचा नाही, मीटरचा आकडा लिहायचा. भैयाने सांगितलं की मीटर घेऊन जायचं, एवढंच.

दर तासाला कढईचं तापमान बघा. कमी असेल तर शेव तेल पिते, जास्त असेल तर बाहेरून लाल आणि आत ओलसर, मग पाकिटात दहा दिवसांत मऊ पडते. तळाला साचलेला चुरा जळतो आणि तेल खराब करतो, तेव्हा गाळणी चालू आहे की नाही तेही तुमचंच काम.

घाणा बाहेर आल्यावर

मॉइश्चर. ओव्हन मेथड म्हणजे १०५ अंशाला वजन स्थिर होईपर्यंत. समजा ५ ग्रॅम सॅम्पल ठेवलं आणि ०.११५ ग्रॅम कमी झालं तर २.३ टक्के. पण याला तीन-चार तास लागतात, लाइन तोवर थांबत नाही, म्हणून रोजच्या कामाला मॉइश्चर बॅलन्स (गरम करून लगेच ओलावा दाखवणारा काटा) आणि आठवड्यातून एकदा ओव्हनशी ताडून बघायचं. सॅम्पल कुटताना पटकन कुटा आणि झाकण लावा. पावसाळ्यात इंदूरची हवा अशी असते की उघड्या बशीतली शेव तुम्ही चहा पिऊन येईपर्यंत सादळते, आणि मग तुम्ही लाइनवर ओरडता की मॉइश्चर जास्त येतंय, खरं तर दोष तुमच्या बशीचा असतो.

गरम शेव पॅक करू देऊ नका. गरम माल पाकिटात गेला की आत वाफ धरते, ती थंड होऊन पाणी होते, झालं. हात लावून कोमट वाटली तरी थर्मामीटर खुपसून बघा.

चव घेताना एक इंदुरी सल्ला. सकाळी पोह्यांवर जिरावन मसाला आणि शेव घालून खाल्ली असेल तर लगेच टेस्टिंगला बसू नका, जिभेवर जिरावन असताना सगळंच छान लागतं. अर्धा तास जाऊ द्या, कोमट पाण्याने चूळ भरा. आधी वास, मग तुटताना आवाज, मग चव, आणि गिळल्यावर घशात काय राहतं ते. खवटपणा घशातच कळतो.

मेटल डिटेक्टर

हे मी माझ्या चुकीवरून लिहितेय. लोखंड, नॉन-फेरस आणि स्टेनलेस स्टील असे तीन टेस्ट पीस असतात, स्टीलचा पकडायला सगळ्यात अवघड, म्हणून तो आकाराने जरा मोठा ठेवतात. शिफ्टच्या सुरुवातीला, दर तासाला, प्रॉडक्ट बदलल्यावर आणि शेवटी, तिन्ही पीस पाकिटाबरोबर सोडायचे. पीस बेल्टच्या कडेला नको, डिटेक्टरच्या तोंडाच्या मध्यातून जाईल असा, कारण मध्यभागीच मशीनची पकड सगळ्यात कमी असते. आणि नुसती बीप वाजली म्हणजे ओके नाही. पाकीट प्रत्यक्षात रिजेक्टच्या पेटीत पडलं पाहिजे, आणि पेटीला कुलूप पाहिजे.

माझं नोकरीचं दुसरं वर्ष, दिवाळीच्या आधीचे दिवस, फॅक्टरी कुठली ते सांगत नाही. तीनची टेस्ट मी केली होती. साडेतीनला लॅबमध्ये टायट्रेशनची रांग लागली होती, म्हणून मी शीटवर चारचं रीडिंग आधीच भरून टाकलं, तीन टिकमार्क, सही. पाचला गेले, स्टीलचा पीस सोडला, बीप वाजली, दिवा लागला आणि पाकीट सरळ पुढे निघून गेलं. रिजेक्टची हवेची लाइन कुणीतरी सफाई करताना बंद केली होती. नियम असा की शेवटच्या चांगल्या टेस्टनंतरचा सगळा माल होल्ड, म्हणजे अडवून ठेवायचा. शीट सांगत होती चारपासून. खरं होतं तीनपासून. मी तिथे शीट हातात धरून उभी होते, बाहेर गाडी लागली होती, पॅकिंगचा सुपरवायझर म्हणत होता, दीदी एक घंटे का ही तो है, जल्दी करवाओ. पोटात गोळा आला होता. मी मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं की सर चारची टेस्ट मी केलीच नाही. ते खूप रागावले, रागावायलाच पाहिजे होतं. तीनपासूनची सगळी खोकी उतरवून परत डिटेक्टरमधून काढली, रात्री साडेअकरापर्यंत. तीन ते चारच्या मालात एक पाकीट रिजेक्ट झालं, उघडून ट्रेमध्ये शेव पसरली, चुंबक फिरवलं तर काही नाही, मग बोटांनी एक एक काडी बाजूला करत गेलो तेव्हा चाळणीच्या तारेचा तुकडा मिळाला, नखाएवढा, आणि रंगाने अगदी शेवेसारखाच दिसत होता कारण त्याला बेसन चिकटून तळलं गेलं होतं.

ते पाकीट त्या गाडीतून गेलं असतं. तेव्हापासून माझ्या टीममध्ये कुणाच्या शीटवर पुढच्या वेळेचा आकडा दिसला तर मी त्या दिवशी त्याला लाइनवर ठेवत नाही. वेळ चुकली तर मोकळं सोडा, खरी वेळ लिहा, कारण लिहा, ४.२० ला केलं तर ४.२० लिहा. ऑडिटर मोकळी जागा बघून प्रश्न विचारतो, त्याचं उत्तर देता येतं. आणि बेसनाची चाळणी शिफ्टच्या आधी आणि नंतर उजेडासमोर धरून बघा, तार तुटली असेल तर तुकडा कुठे गेला याचा शोध लागेपर्यंत मागचा माल होल्ड.

पॅकिंग

वजनासाठी रिकाम्या दहा पाउचची सरासरी काढून टेअर करा म्हणजे ते वजन काट्यातून वजा करा, एकाच पाउचवर भरवसा नको. २०० ग्रॅमच्या पाकिटाला लीगल मेट्रॉलॉजीच्या नियमात जास्तीत जास्त ९ ग्रॅमची तूट माफ आहे, पण याचा अर्थ सगळी पाकिटं १९२ ची भरायची असा नाही, सरासरी २०० च्या खाली जाता कामा नये.

लीक टेस्ट: पाण्याच्या डेसिकेटरमध्ये (हवाबंद काचेच्या भांड्यात) पाकीट बुडवून व्हॅक्यूम लावा, बुडबुड्यांची रेघ आली की गळतंय. कुठून येते ते बघा, मधल्या सीलमधून की वरच्या, कारण ऑपरेटरला नुसतं लीक आहे सांगून त्याला काही करता येत नाही, वरच्या सीलला डाव्या कोपऱ्यात सांगितलं तर तो लगेच जॉ म्हणजे सील दाबणारा जबडा साफ करतो. बहुतेक वेळा जॉमध्ये शेवेचा चुराच अडकलेला असतो. नायट्रोजन भरत असाल तर सुई खुपसून आतला ऑक्सिजन मोजा, तो वाढला तर माल दिसायला ठीक राहतो पण दोन महिन्यांनी दुकानात खवट होतो आणि तक्रार तेव्हा येते. पाकिटावर बॅच, तारीख, एमआरपी, हिरव्या चौकोनातला हिरवा गोल, १४ आकडी एफएसएसएआय नंबर, अॅलर्जीची सूचना, हे रोल बदलला की दर वेळी वाचा. शेंगदाण्याचा मिक्स चालवल्यावर साधी शेव लागणार असेल तर लाइन धुतल्याची खात्री स्वतः करा आणि बरोबर रोल लागलाय का तेही. प्रत्येक बॅचची दोन-चार पाकिटं मुदत संपेपर्यंत कपाटात ठेवायची, तक्रार आली तर तीच तुमच्या बाजूने बोलतात.

होल्ड लावायचा तेव्हा

लाल टॅग लावा, बॅच, वेळ, किती खोकी, कारण लिहा आणि माल वेगळ्या जागेत हलवून घ्या, टॅग लावून तिथेच ठेवला तर रात्री कुणीतरी चुकून भरतो. प्रॉडक्शनवाल्यांशी आवाज चढवू नका, आकडा दाखवा. त्यांच्यावर टार्गेट असतं, दिवाळीत तर श्वास घ्यायला फुरसत नसते, हे मला माहीत आहे, आणि त्यातले बरेचसे जण खूप चांगले आहेत, त्यांनाही खराब माल बाहेर जायला नकोच असतो. पण टॅग काढायचा अधिकार तुमचा नाही आणि त्यांचाही नाही, तो क्यूए मॅनेजरचा, तोही लेखी. फोनवर सांगितलं म्हणून काढू नका, मेसेज तरी मागा.

ट्रेसेबिलिटीची प्रॅक्टिस स्वतःच करत जा: राजवाड्याजवळच्या दुकानातून आपलंच एक पाकीट विकत आणा आणि त्याच्या बॅचवरून कुठलं बेसन, कुठला तेलाचा टँकर, कुणाची शिफ्ट, कुठल्या गाडीत गेलं हे दोन-चार तासांत कागदावर जुळतं का बघा. जिथे अडाल तिथे तुमच्या रजिस्टरमध्ये भोक आहे.

शिफ्ट देताना रजिस्टर टेबलावर ठेवून निघू नका. पुढच्याला बरोबर घ्या, कढईपाशी जा, तेल कितीवर आहे ते सांगा, कुठल्या मशीनचं सील आज त्रास देत होतं ते दाखवा, आणि होल्डच्या मालापर्यंत चालत जाऊन टॅगवरची खोकी त्याच्याकडूनच मोजून घ्या.